घरची जुनी मोटरसायकल पुन्हा उभी करायचीय? आधी चालती करा, रंगाचं नंतर बघा

इंदूरातल्या जुन्या मराठी घरांमध्ये, रामबाग म्हणा, नारायण बाग म्हणा, जिन्याखाली ताडपत्री टाकून ठेवलेली एखादी राजदूत नाहीतर येझदी अजूनही निघते. काकांची असते, आजोबांची असते, विकायची कोणाची छाती होत नाही आणि चालवायची कोणाची तयारी नसते. मग घरातल्या एखाद्या पोराला सुरसुरी येते की आपण हिला रिस्टोर करू. पुढचं ठरलेलं असतं, एका रविवारी गाडी पूर्ण खोलली जाते, टाकी आणि मडगार्ड लगेच पेंटरकडे जातात, चकाचक होऊन येतात, आणि इंजिन मात्र पोत्यात पडून राहतं कारण तोवर पैसेही संपतात आणि उत्साहही. अशी रंगवलेली टाकी कपाटावर ठेवलेली घरं मी बरीच पाहिलीत. म्हणून इथे सगळा क्रम उलटा दिलाय, आधी कागद, मग इंजिन, मग वायरिंग, ब्रेक, आणि रंग एकदम शेवटी.

कोणती गाडी घ्यावी

घरात जी आहे तीच घ्या, हे सगळ्यात सोपं उत्तर. विकतच घ्यायची असेल तर नवशिक्याने टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी, घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही, वरचं इंजिन दोन तासात खोलून टेबलावर येतं. राजदूत १७५ फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची, डिझाइन मूळ पोलंडच्या एसएचएलचं, १७३ सीसीचं साधं सरळ इंजिन, तीन गिअर, खेड्यापाड्यातल्या दूधवाल्यांनी वर्षानुवर्षं कॅन लटकवून चालवलेली गाडी, तिचं काही बिघडलं तरी समजतं. जावा आणि येझदी म्हैसूरच्या आयडियल जावाच्या, १९६१ पासून जावा नावाने, सत्तरीच्या दशकात येझदी नाव आलं, आणि १९९६ ला कारखाना बंद झाला. सिंगल सिलिंडर असून दोन सायलेन्सर, आणि किक आणि गिअरची एकच लिव्हर, आत दाबून वर फिरवली की किक होते. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो की किक कुठाय.

बुलेट सगळ्यांना आवडते, मलाही आवडते, पण जुन्या बुलेटवर ब्रिटिश आटे असतात, तुमचे मिमीचे पाने तिथे नीट बसत नाहीत आणि नटाचे कोपरे गोल होतात. पहिली गाडी म्हणून नको.

एक अजून, हे पोरं फार विचारतात. नव्या जावा-येझदी आपल्या शेजारी पीथमपूरलाच बनतात, तर तिचे पार्ट जुनीला लागतील का? नाही लागत. नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आणि लिक्विड कूल्ड आहेत, जुनीशी नातं फक्त नावाचं आणि दिसण्याचं.

पैसे द्यायच्या आधी कागद

फ्रेमवरचा चेसिस नंबर आणि इंजिनच्या केसवरचा इंजिन नंबर, दोन्ही आरसीशी जुळवून बघा. गंज आणि रंगाखाली नंबर दिसत नसेल तर थिनर आणि चिंधीने हळू पुसा, ग्राइंडर किंवा ब्रश मशीन तिथे अजिबात लावू नका, नंबर घासला गेला तर आरटीओत तुम्ही कितीही खरं बोललात तरी संशय तुमच्यावरच. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर तो सौदा सोडून द्या. कबाड्याकडे बिनकागदाची गाडी स्वस्तात मिळते, "पेपर बाद में करवा देंगे भिया" असं तो म्हणतोही, पण करून कोणी देत नाही.

गाडी घरचीच असेल आणि ज्यांच्या नावावर होती ते वारले असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, विकत घेतलेल्या गाडीला २९ आणि ३०. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची आरसी रिन्यू करायची तर फॉर्म २५, गाडी तपासणीत पास व्हावी लागते आणि मग पाच वर्षांची मुदत मिळते. आपल्याकडे हे सगळं नायता मुंडलाच्या आरटीओत. जायच्या आधी त्या गाडीची नोंद ऑनलाइन रेकॉर्डमध्ये चढलेली आहे का ते बघून घ्या, फार जुन्या नोंदी कधीकधी रजिस्टरातच राहिलेल्या असतात आणि त्या चढवून घेण्यातच खरा वेळ जातो.

२०२१ पासून व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नियम आलाय, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे रविवारी सकाळी पोहे खायला न्यायची असेल तर साधी आरसी रिन्यू केलेलीच बरी.

गाडी बघताना काय बघायचं

लोक रंग बघतात, तुम्ही जे मिळत नाही ते आहे का ते बघा. पिस्टन, रिंग, केबल, रबर, क्लच प्लेट, गॅस्केट, हे सगळं आजही बनतं आणि मिळतं. टाकी, हेडलाइटचा मूळ डोम, मूळ स्पीडोमीटर, टूलबॉक्सची झाकणं, सीटचा खालचा पत्रा, सायलेन्सरचा मूळ आकार, हे शोधताना घाम निघतो, मिळालं तर नकली मिळतं आणि बसत नाही. म्हणून गंजलेली पण पूर्ण गाडी, चमकणाऱ्या पण अर्ध्या गाडीपेक्षा कधीही चांगली.

प्लग काढून किक हाताने दाबून बघा, इंजिन फिरतंय की जाम आहे. जाम असेल तर घाबरायचं कारण नाही, भाव कमी करायला उलट उपयोगच. फ्रेम मात्र नीट बघा, हँडलच्या मुंडीपाशी आणि स्विंगआर्मच्या जोडापाशी वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर अपघात झालेला असणार. मागून गाडीच्या रेषेत बसून दोन्ही चाकं एका ओळीत दिसतात का तेही बघा.

जागा आणि हत्यारं

जागा म्हणजे झाकलेली, हवा खेळती असलेली आणि जिथून सहा महिने कोणी उठवणार नाही अशी. हे शेवटचं घरात आधी बोलून घ्या. काम सुरू करायला दिवाळीनंतरचे महिने उत्तम, पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो आणि मेमध्ये इंदूरच्या दुपारी गॅरेजात बसवत नाही.

सियागंजात एका चकरेत बहुतेक हत्यारं होतात. रिंग पाने आणि गोटी सेट मिमीचे, चांगल्या कंपनीचे घ्या, स्वस्त पाना नट खातो आणि मग छिन्नीने नट काढायची वेळ येते. इम्पॅक्ट ड्रायव्हर हवाच, हातोडीने ठोकला की स्क्रू फिरतो तो, कारण इंजिनच्या कव्हरचे चपट्या खाचेचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत, खाच मोडते. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, सर्क्लिप (पिन धरून ठेवणारी कडी) काढायचा प्लायर, त्या त्या मॉडेलचा मॅग्नेटो किंवा क्लच पुलर. व्हर्निअर असला तर उत्तम. टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून तेवढ्याच जोराने आवळणारा पाना, पहिल्या दिवशी नसला तरी इंजिन बसवताना कोणाचा तरी मागून आणा. आणि ज्या मॉडेलची गाडी त्याच मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल, स्कॅन केलेलं चालेल, प्रिंट काढून भिंतीला लावा. लहान अग्निशामक सिलिंडर पण ठेवा, पेट्रोल आणि जिना एकत्र आहेत हे विसरू नका.

खोलायच्या आधी चालू करून बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची. गाडी जशी आहे तशी, धुळीसकट, चालू होते का ते बघायचं. चालू झाली तर काय चांगलं आहे आणि काय वाईट ते तीच सांगते, गिअर पडतात का, क्लच सुटतो का, खालून खडखड येते का, धूर कसला. खोलल्यावर हे काहीच कळत नाही.

प्लग काढा, भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल टाका आणि एक रात्र राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किक हळू फिरवा. जाम असेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळून ओता, अजून चार दिवस थांबा, मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. किकवर उभं राहून उड्या मारू नका, आतला दाता तुटतो. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा तर नाहीच.

फिरायला लागलं की स्पार्क बघा. जुन्या गाड्यांना पॉइंट असतात, म्हणजे उघड-मीट होऊन ठिणगी पाडणारे दोन छोटे तुकडे, वर्षानुवर्षं पडून त्यांच्यावर काळा थर येतो, बारीक पॉलिश पेपरने घासा, मग कोरा कागद मध्ये धरून ओढून पुसा, गॅप साधारण ०.४ मिमी ठेवा. जावा आणि जुन्या येझदीत बॅटरी मेली की स्पार्कही मेला, कारण इग्निशन बॅटरीवर आहे, तर ६ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी आधी लावा. जुनी बॅटरी काढतानाच बघून ठेवा की बॉडीला प्लस जोडलाय का मायनस, अंदाजाने लावू नका. नवा प्लग, हेडला टेकवून किक, निळी ठिणगी दिसली पाहिजे.

टाकीतलं जुनं पेट्रोल वापरायचं नाही. एक सलाईनसारखी बाटली वर टांगा, ताजं पेट्रोल, त्यात लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, नळी थेट कार्बोरेटरला. कार्बोरेटर त्याआधी खोलून जेटच्या भोकात कार्ब क्लीनर मारलेला असावा. आणि हे सगळं उघड्यावर, बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही, धुराने माणूस मरतो.

चालू झाली तर दोन-चार मिनिटंच ठेवा. नाही झाली तरी तुमचं काही गेलेलं नाही, स्पार्क आहे का, पेट्रोल येतंय का, दाब आहे का, यातलं काय नाही एवढं तर कळलंच.

खोलणं

मोबाईलने फोटो काढा, काढा आणि अजून काढा, विशेष करून वायरिंगचे आणि केबल कुठून कशा गेल्यात त्यांचे. मराठी घरात श्रीखंडाचे रिकामे डबे कधीच टाकले जात नाहीत, ते आता मागून घ्या, एका जागेचे नट-बोल्ट एका डब्यात, डब्यावर पट्टी चिकटवून नाव. बोल्ट लांबीने वेगवेगळे असतात, इंजिन कव्हरचे तर जास्तच, जाड पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून जिथला बोल्ट तिथेच टोचून ठेवला की पुढे डोकं लावावं लागत नाही. लांब बोल्ट छोट्या भोकात पिळला तर अॅल्युमिनिअमची केस फुटते आणि ती दुरुस्ती महागातली.

हँडलची मुंडी काढताना खाली चादर अंथरा, आत सुटे छर्रे असतात, ते टणाटण पळतात. मोजून ठेवा आणि परत लावताना सगळे नवेच लावा.

फ्रेम आत्ता पूर्ण मोकळी करायची नाही. इंजिन खाली उतरवा, बाकी गाडी चाकांवर उभी राहू द्या.

इंजिन: इथे पैसे खर्च करा

हेड आणि सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड हातात धरून सरळ वर-खाली ओढून बघा. वर-खाली जरासुद्धा खेळ जाणवला तर खालची बेअरिंग गेली, क्रँक बाहेर काढून प्रेसवर नवा रॉड बसवावा लागेल आणि तो मशीनवर सेंटर करून घ्यावा लागेल. डावी-उजवीकडे थोडा हलला तर ठीक, तेवढा हवाच असतो.

सिलिंडरच्या आत वरच्या बाजूला बोट फिरवा, रिंग जिथपर्यंत जाते तिथे काठ लागला तर झीज झालीय. लेथवाल्याकडे नेऊन बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजून घ्या, आकडे कागदावर लिहून मागा. येझदीचं मूळ बोअर ६५ मिमी. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्याने मिळतात, तर क्रम असा की आधी पिस्टन विकत घ्यायचा, मग तो पिस्टन लेथवाल्याच्या हातात देऊन त्याच्या मापाने बोअर करून घ्यायचा. उलटं केलंत तर हवा तो पिस्टन मिळेलच असं नाही.

पोलो ग्राउंड आणि सांवेर रोडच्या बाजूला मशीनशॉप खूप आहेत पण तिथे रोज फोर-स्ट्रोकचं काम जास्त. त्यांना स्पष्ट सांगा की टू-स्ट्रोक आहे, एअर कूल्ड आहे, क्लिअरन्स पिस्टनच्या डब्यावर लिहिलंय तेवढाच हवा. "एकदम टाइट कर दिया साब" हे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात, पण टाइट पिस्टन गरम होऊन फुगतो आणि दुसऱ्याच चक्करमध्ये सीझ होतो. दुसरं सांगायचं म्हणजे बोअर झाल्यावर पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, धारा हलक्या घासून गोल करायच्या, नाहीतर रिंग त्या धारेत अडकते. आणि होनिंग न विसरता, तिरप्या बारीक रेषा दिसल्या पाहिजेत, त्यांच्यात तेल टिकतं.

घरी आल्यावर रिंग एकटी सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनने थोडी आत सरळ ढकला आणि तोंडाची फट फिलर गेजने मोजा, ६५ मिमीच्या बोअरला पाव मिमीच्या आसपास. कमी असेल तर बारीक कानशीने घासा. पिस्टनच्या खाचेत बारीक खिळा असतो, रिंगची तोंडं त्यावरच आली पाहिजेत. पिस्टनवर बाण असला तर तो सायलेन्सरकडे. पिनच्या सर्क्लिप नेहमी नव्या, जुनी परत लावून वाचवलेले दहा रुपये पूर्ण सिलिंडर खराब करतात, आणि त्या लावताना क्रँकच्या तोंडावर चिंधी कोंबून ठेवा, एखादी आत पडली तर पुन्हा सगळं खोला.

आता सील. नवखे इथेच फसतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते, म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलने हवा धरून ठेवली पाहिजे. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. दुसऱ्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन गरम होतं, कधीकधी एक्सलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही. लोक महिनाभर कार्बोरेटर ट्यून करत बसतात आणि दोष सीलमध्ये असतो. पडून राहिलेल्या गाडीचं सील दिसायला कसंही असो, रबर कडक झालेलंच असतं. इंजिन टेबलावर आहे तोवर बदलून टाका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो नंबर दाखवून छोटी ग्वालटोलीत किंवा कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मागा, गाडीचं नाव सांगायची गरजच नाही, "जावा का बेअरिंग" म्हटलं की भाव वाढतो.

जावा-येझदीचा क्लच गिअर टाकताना आपोआप सुटतो, लिव्हर दाबली की. ही सोय छान पण त्यामुळे क्लचची सेटिंग बारीक आहे, मॅन्युअल बघूनच करा.

सायलेन्सर आणि त्यातली जाळी तेलाच्या कार्बनने गच्च असणार. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात एक रात्र बुडवा, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर नाही. अॅल्युमिनिअमचा कुठलाही भाग त्यात जाऊ देऊ नका, विरघळून जातो.

टाकी

आतला गंज काढायचे उपाय गल्लोगल्ली सांगतात, खडे टाकून हलवा वगैरे. मला सायट्रिक अॅसिड बरं वाटतं, किराण्यात लिंबूफूल म्हणून मिळतं, गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवा, मग ओतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा आणि आतून टू-टी तेल फिरवा. वाळवण्यात दिरंगाई केली की तासाभरात परत लाल.

फार जास्त गंज असेल तर वॉशिंग सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर, मायनस टाकीला, प्लस मध्ये लटकवलेल्या साध्या लोखंडी सळीला, सळी टाकीला टेकता कामा नये. स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, तर उघड्यावर, आणि बिडी लांब. टाकीला वेल्डिंग लागलं तर पेट्रोलच्या टाकीचंच काम करणाऱ्याकडे द्या, रिकामी टाकीसुद्धा फुटते.

पंपावर आता ई-२० पेट्रोल असतं. त्यातलं इथेनॉल जुनी रबरी नळी मऊ करतं, टाकीखालच्या पेट्रोल कॉकमधलं जुनं बुच आणि वायसर खातं, आणि हवेतलं पाणी ओढतं. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, कॉकचं किट बदला आणि पंधरा दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवून मग बंद करा.

वायरिंग, चाकं, ब्रेक

वायरिंग नवीनच टाका, जुन्या वायरचं कव्हर वाकवलं की तुटतं. रंग मूळ डायग्रॅमप्रमाणेच ठेवा, पुढच्या माणसावर उपकार. डायनॅमो असलेल्या गाडीत कार्बन ब्रश आणि कम्युटेटर तपासा. ६ व्होल्टचा हेडलाइट मेणबत्तीएवढाच उजेड देतो हे खरं, १२ व्होल्टची किट मिळतात, रात्री चालवणार असाल तर लावा, मी त्याला पाप मानत नाही, फक्त मूळ सामान डब्यात जपून ठेवा.

टायरवर चार आकड्यांची तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, पाच-सहा वर्षांपुढचं टायर दिसायला नवं असलं तरी नको. स्पोक घट्ट करून चाक सरळ करणं मात्र सायकलवाल्या जुन्या मिस्त्रीकडून करून घ्या, ते हाताचं काम आहे.

जुन्या ब्रेक शूच्या लाइनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवेने किंवा फुंकर मारून धूळ उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडाला मास्क.

आता रंग

इंजिन बसवलं, वायरिंग झालं, ब्रेक लागतोय, गाडी गल्लीत दोन फेऱ्या मारून आली, सगळे ब्रॅकेट आणि भोकं जुळतायत याची खात्री झाली, मगच परत खोलून रंगाला. दुप्पट काम आहे, मान्य, पण रंगवलेल्या फ्रेमवर ड्रिल मारण्यापेक्षा किंवा ब्रॅकेट वेल्ड करण्यापेक्षा हे परवडतं.

फ्रेमला पावडर कोटिंग टिकाऊ, पण देण्याआधी बेअरिंगच्या जागा, आटे आणि चेसिस नंबर टेपने झाकायला सांगा, आणि सँडब्लास्टवाल्याला नंबरापाशी हात हलका ठेवायला. टाकी आणि मडगार्डला साधा ऑटो पेंटच शोभतो. मूळ रंग शोधायचा तर हेडलाइटच्या आत किंवा सीटखाली पत्र्याची उलटी बाजू बघा, ऊन न लागलेला रंग तिथे असतो, तोच दुकानात नेऊन मॅच करा. सोनेरी रेषा स्टिकरच्या नकोत, आपल्याकडे अजून ब्रशने पाट्या रंगवणारे एक-दोन म्हातारे पेंटर आहेत, त्यांच्या हातची रेष जराशी थरथरलेली असली तरी तिला जीव असतो.

क्रोम सगळ्यात महाग. तांबं, निकेल, मग क्रोम असं करणारा शोधा, नुसतं वरवरचं केलं तर एका पावसाळ्यात पापुद्रे. आणि सगळंच चमकवायला हवं असं काही नाही, थोडं उडालेलं मूळ क्रोम मला तरी नव्यापेक्षा बरं वाटतं.

पहिले किलोमीटर

नवीन पिस्टनला लिटरला ४० मिली टू-टी, डब्यावर जासो एफसी किंवा एफडी हा तेलाचा दर्जा लिहिलेलं. पहिल्या दिवशी चालू करा, हेड गरम होऊ द्या, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, असं तीन-चार वेळा, आणि थंड असतानाच हेडचे नट परत तपासा. पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्याच्या वर एक्सलरेटर नको, मागे कोणी बसवू नका, आणि एकाच वेगाने फार वेळ चालवू नका. राऊपर्यंत जाऊन या, सकाळी गर्दी नसताना. महूपर्यंतही चालेल, वाटेत थांबत.

खंडवा रोडचा भेरू घाट एवढ्यात नको, आणि पुढे जाल तेव्हा चढापेक्षा उताराची काळजी जास्त घ्या. या इंजिनाला तेल पेट्रोलसोबतच मिळतं, लांब उतारावर एक्सलरेटर बंद करून गिअरमध्ये गाडी ओढत ठेवली तर पेट्रोल जात नाही म्हणजे तेलही जात नाही. मध्येमध्ये क्लच दाबून थोडी रेस द्यायची.

घरी आल्यावर प्लग काढून बघा. चॉकलेटी असेल तर उत्तम, पांढरा म्हणजे मिश्रण पातळ किंवा कुठेतरी हवा ओढतेय, तशी चालवू नका, काळा ओला म्हणजे तेल किंवा पेट्रोल जास्त, किंवा चोक अडकलाय. पाचशे झाले की गिअर ऑइल बदला, जुन्या तेलात चुंबक फिरवा, बारीक चकाकणारी पूड येणारच, पण दात्याचा तुकडा आला तर गाडी तिथेच थांबवून केस उघडा. पॉइंटची गॅपही त्याच वेळी परत मोजा, नवीन पॉइंटचं फायबर सुरुवातीला झपाट्याने झिजतं आणि टायमिंग मागे सरकतं.